स्ट्रीट फायटर ६ : चार महिने सिल्व्हरमध्ये अडकल्यानंतरचा अभिप्राय

सांगलीत माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळीच्या आधी दोन-तीन अंक. दिवसाचे आठ-नऊ तास कीबोर्डवर जातात आणि रात्री साडेनऊनंतरचा एक तास गेली दीड वर्षं ‘स्ट्रीट फायटर ६’ या दोघांच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमला जातो. त्यातले चार महिने मी ऑनलाइन सामन्यांच्या क्रमवारीत सिल्व्हर रँकमध्ये, म्हणजे गोल्डच्या खालच्या पायरीवर, अडकून होते. ५६०० गुण, मग ६१००, मग परत ५७००. रोज खेळायचं, रोज हरायचं आणि का हरलो ते न कळताच झोपायचं. आता मी गोल्डमध्ये आहे, १०,४०० च्या आसपास. हा गेम घ्यावा का, हे विचारणाऱ्यांत माझ्यासारखे, म्हणजे आवड आहे पण हात बसत नाही असे बरेच जण असतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी निकाल सांगते. घ्या. हरणाऱ्या माणसाला ‘तू नेमका इथे हरलास’ हे दाखवायची सोय या गेममध्ये जितकी चांगली आहे, तितकी मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये पाहिलेली नाही. अडचण एवढीच की ती सोय आपल्याला शोधावी लागते, गेम ती आपणहून पुढ्यात आणून ठेवत नाही.

या मालिकेतला स्ट्रीट फायटर २ आला १९९१ साली. आमच्या गावात तो जरा उशिरा पोचला. एस.टी. स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये माझा भाऊ रुपयाचं नाणं टाकून खेळायचा आणि मी बाहेर सायकल धरून उभी राहायची. मुलींनी आत जायची पद्धत नव्हती. दारातून धाल्सिम तेवढा दिसायचा, हात लांबवून मारणारा भारतीय योगी. स्ट्रीट फायटर ६ हा २ जून २०२३ ला आला, तो भाच्याने त्याच्या कॉम्प्युटरवर घेतला. भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला, कॉम्प्युटर माझ्याकडे राहिला. अशी मी चाळिशी ओलांडल्यावर दाराच्या आत आले.

गेम आला त्या दिवशीचे अठरा खेळाडू, म्हणजे लढणारी पात्रं, मिळतात, त्यात धाल्सिम आहेच. मी मात्र रियू घेतला. दुरून मारायचा हादोकेन, उडी मारून येणाऱ्याला खाली पाडायचा शोर्युकेन आणि साध्या लाथा-बुक्क्या. शिकायला यापेक्षा सरळ माणूस नाही असं भाचा म्हणाला, आणि ते खरं आहे.

अडकले होते ती जागा आता बरोबर सांगता येते. समोरचा उडी मारून यायचा आणि मी मार खायची. प्रत्येक सामन्यात. सिल्व्हरमध्ये लोक खूप उड्या मारतात, कारण तिथे उडीला शिक्षा देणारं कुणी भेटत नाही. शोर्युकेन त्याचसाठी आहे, हे मला ठाऊक होतं. पण शोर्युकेन निघायचाच नाही. दहातून दोनदा निघाला तर नशीब.

मी पुढे, खाली, खाली-पुढे आणि ठोसा असं दाबत होते. कीबोर्डवर ते डी, मग एस, मग एस आणि डी एकत्र, वर उजव्या हाताने आय. बोटांवर माझा विश्वास आहे, पोट त्याच्यावरच चालतं, त्यामुळे चूक बोटांची असेल हे मला पटत नव्हतं. एका रविवारी ट्रेनिंग मोडमध्ये बसले. तिथे स्क्रीनच्या कडेला आपण दाबलेल्या प्रत्येक बटणाची यादी सरकत राहते, आणि शेजारी ते किती फ्रेम दाबलेलं होतं तो आकडा येतो. एक सेकंद म्हणजे साठ फ्रेम. मी पन्नास शोर्युकेन दाबले आणि यादी वाचत गेले, प्रूफ वाचतात तशी ओळीओळीने. डी बरोबर, एस बरोबर, एस-डी बरोबर, आणि ठोसा गायब. दाबलेला असून गायब. तीन बटणं एकदम धरली की तो स्वस्तातला कीबोर्ड तिसरं बटण कॉम्प्युटरला कळवतच नव्हता. टायपिंग करताना तीन अक्षरं एकदम कुणी धरून ठेवत नाही, म्हणून इतक्या वर्षांत हा दोष माझ्या ध्यानातच आला नव्हता.

दुसरा कीबोर्ड घेतला, ज्यात कितीही बटणं एकत्र दाबली तरी सगळी नोंदली जातात. दुकानदाराला नेमकं हेच वाक्य सांगा, तो बरोबर डबा काढून देईल. महागडी आर्केड स्टिक किंवा बिनदांडीचा बटणांचा कंट्रोलर लगेच घ्यायची गरज नाही. ज्याचं रोजचं काम टायपिंगचं आहे, त्याला कीबोर्डच सगळ्यात जवळचा.

शोर्युकेन दहातून नऊ वेळा निघायला लागला. ट्रेनिंगमध्ये. सामन्यात मात्र समोरचा उडाला की मी पूर्वीसारखीच मार खात होते.

मग मी मॉडर्न पद्धत लावून पाहिली. या गेममध्ये बटणांच्या दोन मुख्य पद्धती आहेत. क्लासिकमध्ये जुन्यासारखी सहा बटणं आणि प्रत्येक डावाची पूर्ण चाल. मॉडर्नमध्ये एक खास बटण असतं, ते पुढच्या दिशेबरोबर दाबलं की शोर्युकेन तयार. बदल्यात असा सोप्या चालीने मारलेला डाव वीस टक्के कमी लागतो. (डायनॅमिक नावाची तिसरी पद्धतही आहे, पण ती ऑनलाइन चालत नाही. घरातल्या लहान मुलांबरोबर खेळायला छान.) मॉडर्नला काही लोक नाक मुरडतात, ते मला अजिबात पटत नाही. माझ्या ओळखीत कुणी आज सुरुवात करणार असेल तर मी मॉडर्नच सांगीन.

पण मॉडर्नवरही, एका बटणाचा शोर्युकेन हाताशी असतानाही, मी उडी अडवू शकत नव्हते. त्या पंधरा दिवसांनी मला फार मोठी गोष्ट दाखवली. प्रश्न बोटांचा उरला नव्हता.

दिवाळीत भाचा आला होता. शेजारी बसून त्याने माझे तीन सामने बघितले, काही बोलला नाही. मग म्हणाला, “मावशी, तू तुझ्याच माणसाकडं बघाय लागलीस. त्याच्याकडं बघ की.”

मी पुढचा सामना खेळताना स्वतःचे डोळे कुठे जातात ते पाहिलं. सगळा वेळ रियूवर. माझा ठोसा नीट निघाला का, माझा हादोकेन गेला का. समोरचा माणूस मला फक्त अंगावर आल्यावर दिसत होता. उडी सुरू होऊन पाय टेकेपर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ असतो, आणि त्यातला निम्मा ‘अरे, उडाला’ हे कळण्यात जात होता.

टायपिंग क्लासला असताना आमच्या बाई हातांवर रुमाल टाकायच्या. नजर कागदावर ठेवायची, बोटांना त्यांची जागा ठाऊक असते. डीटीपीत आजही तसंच आहे. हस्तलिखितावरून नजर हलली की ओळ सुटते. मी आयुष्यभर हे करत आले होते आणि इथे मात्र बोटांकडे बघत बसले होते. समोरचा खेळाडू हे हस्तलिखित आहे, एवढं एकदा मनात बसलं आणि मग सरावाला दिशा आली.

आता या गेममधल्या माझ्या सगळ्यात आवडत्या सोयीबद्दल. ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या पुतळ्याला आपण स्वतः चालवून हालचाली रेकॉर्ड करता येतात. मी तीन केल्या. पहिली, दोन पावलं पुढे येऊन नुसतं थांबणं. दुसरी, लांबून हादोकेन. तिसरी, उडी मारून लाथ. मग तिन्ही चालू करून क्रम गेमवर सोडला. आता पुतळा काय करील ते मला माहीत नाही. चालत आला तर काही दाबायचं नाही, हादोकेन आला तर अडवायचा, उडाला तर शोर्युकेन. नुसत्या उडीवर सराव केला असता तर काही उपयोग नव्हता, कारण मग डोळे वाट बघून तयारच असतात. तिन्ही शक्यता डोक्यात धरून त्यातली एक ओळखायची, अवघड भाग हा आहे.

रोज दहा मिनिटं. पाठकोऱ्या कागदावर रेघा मारायची. पहिल्या दिवशी २० उड्यांपैकी ५ अडवल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे पुतळा नुसता चालत आला असताना चार वेळा मी घाबरून शोर्युकेन मारला. शोर्युकेन कुणी अडवला की रियू हवेतून खाली येईपर्यंत उघडा पडतो, समोरचा हवं ते करू शकतो. तीन आठवड्यांनी २० पैकी १४ अडायला लागल्या आणि घाबरून मारलेला एखादाच उरला. मधे एक आठवडा पत्रिकांच्या गर्दीत सराव चुकला, तेव्हा आकडा थेट ९ वर आला. कागद अजून ठेवलाय.

याच पद्धतीने मी ड्राइव्ह इम्पॅक्टचं भय घालवलं. नव्या माणसाला सिल्व्हरपर्यंत सगळ्यात जास्त छळणारा हा डाव. प्रत्येक खेळाडूकडे स्क्रीनच्या वरच्या बाजूला, जीव दाखवणाऱ्या पट्टीखाली सहा कप्प्यांची ड्राइव्ह गेज असते. त्यातला एक कप्पा खर्चून रंगांचा फवारा उडवत अंगावर येता येतं, आणि येताना दोन फटके पचवता येतात. आपण नेहमीसारखे ठोसे मारत राहिलो की तो ते गिळून आपल्याला आडवं करतो. कोपऱ्यात असताना नुसतं अडवलं तरी भिंतीवर आपटतो. पण तो लागायला २६ फ्रेम घेतो, अर्ध्या सेकंदाला जरा कमी. तेवढ्यात आपण आपला ड्राइव्ह इम्पॅक्ट मारला तर नंतर मारणारा जिंकतो. पुतळ्याच्या चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये तो घातला, आणि दोन आठवड्यांत हात आपोआप जायला लागला. मात्र सहाही कप्पे उधळून बसू नका. गेज रिकामी झाली की आपला माणूस राखाडी पडतो, आणि त्या अवस्थेत कोपऱ्यात ड्राइव्ह इम्पॅक्ट खाल्ला तर भोवळ येऊन उभाच राहतो.

दुसरी सोय रिप्लेची. आपला प्रत्येक ऑनलाइन सामना परत बघता येतो, आणि बघताना फ्रेम मीटर लावता येतो. ही रंगीत चौकोनांची पट्टी आहे. डाव निघेपर्यंतचा वेळ हिरवा, लागू शकतो तो वेळ लाल, हात-पाय परत जागेवर येईपर्यंतचा निळा. शेजारी कोण किती फ्रेम आधी मोकळा झाला ते आकड्यात. केन हे पात्र घेऊन खेळणाऱ्या एकाने मला सात वेळा खालून झाडू मारली होती, पाय झाडून पाडायची जोरदार लाथ. चारदा मी पडले, तीनदा अडवली. रिप्लेत दिसलं की अडवल्यावर त्याची निळी पट्टी माझ्यापेक्षा दहा-बारा फ्रेम लांब होती. माझा सगळ्यात हलका ठोसा चार फ्रेममध्ये निघतो. म्हणजे तीन वेळा त्याने मला हक्काची संधी दिली, आणि तिन्ही वेळा मी अडवल्याच्या समाधानात तशीच बसून राहिले. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी हळू नाही, मला फक्त माहीत नव्हतं.

रिप्ले बघायची माझी रीत सांगते. फक्त हरलेला सामना, आणि त्यातून एकच कारण. सगळी लिहून काढली तर पान भरतं आणि काहीच सुधारत नाही. एक कारण, ते पुतळ्यात रेकॉर्ड, दहा मिनिटं सराव, मग सामने.

कॉम्बोंबद्दल, म्हणजे एकाला एक जोडून लागणाऱ्या फटक्यांबद्दल, मुद्दाम थोडकंच लिहिते. प्रत्येक खेळाडूचे कॉम्बो शिकवणारे धडे आहेत, चांगले आहेत, आणि नवा माणूस तिथेच महिना घालवतो. मीही घालवला. लांब कॉम्बो पाठ असून उपयोग काय, तो लावायची संधीच मिळत नसेल तर? आजही मी दोनच वापरते, एक उभ्याने आणि एक समोरच्याचा डाव चुकला की.

ऑनलाइन सामने जुळायला रात्री वेळ लागत नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, कॉम्प्युटर सगळे एकत्र खेळतात. माझ्या वाट्याला आखाती देशांतले खेळाडू बरेच येतात आणि ते कसून खेळतात. २०२३ च्या इव्हो या मारामारीच्या गेमच्या स्पर्धेत या गेमला ७०६१ जण उतरले होते, आणि जिंकला तो अँग्रीबर्ड या नावाने खेळणारा अमिरातीचा खेळाडू, त्यामुळे त्यांच्याकडे हा खेळ किती मुरलाय याचं आता आश्चर्य वाटत नाही. नेट बरं असेल तर दूरचा सामनाही जवळचा वाटतो, कारण गेम समोरच्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधून चित्र चालू ठेवतो आणि अंदाज चुकला तर क्षणात दुरुस्त करतो. वायफायवर मात्र ही दुरुस्ती वारंवार होते, माणसं उड्या मारल्यासारखी इकडची तिकडे दिसतात. समोरचा वायफायवर आहे की वायरवर, हे सामना स्वीकारायच्या आधीच चिन्हाने कळतं. मी हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत वायर ओढून घेतली. रँकचे सामने वायफायवर खेळून स्वतःची परीक्षा करू नका, त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.

आता उणिवा. ट्रेनिंग मोडमध्ये सगळं आहे, पण आधी काय आणि नंतर काय हे कुणी सांगत नाही. शिकवणी ड्राइव्ह पॅरी, ड्राइव्ह रश, ओव्हरड्राइव्ह असं सगळं एकामागून एक दाखवते आणि नवा माणूस पहिल्याच संध्याकाळी गुदमरतो. मला विचाराल तर पहिला महिना फक्त अडवणं, उडी पाडणं आणि ड्राइव्ह इम्पॅक्टला उत्तर, बाकी सगळं बाजूला. नंतर आलेल्या खेळाडूंचे वेगळे पैसे पडतात. अकुमा मे २०२४ मध्ये आला, तो आपल्याकडे नसेल तर त्याच्याविरुद्ध पुतळ्यावर सराव करणं अवघड जातं. मी त्याच्याशी हरलेले रिप्ले बघूनच शिकले. आणि भाषांच्या यादीत मराठी नाही, सगळ्या सूचना इंग्रजीत वाचाव्या लागतात. माझं भागतं, पण माझ्या टायपिंग क्लासच्या मैत्रिणींना हा गेम मी नुसता हातात देऊ शकत नाही, शेजारी बसावं लागेल.

वर्ल्ड टूर नावाचा गोष्टीचा भाग आहे. आपला माणूस घडवून मेट्रो सिटीत फिरायचं, एकेका गुरूकडून डाव शिकायचे. सुट्टीच्या दिवसाला चांगला आहे, रँक वाढायला त्याची फारशी मदत होत नाही.

वयाचा प्रश्न मला घरातूनही विचारला जातो आणि बाहेरूनही. चाळिशीनंतर नजर-हात तेवढे चालतात का? २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ हा पदकाचा खेळ होता, आणि सुवर्णपदक जिंकणारे दक्षिण कोरियाचे किम ग्वान-वू तेव्हा ४४ वर्षांचे होते. मी त्यांच्या जवळपासही नाही. पण वयाचं कारण त्या दिवसापासून मी वहीतून काढून टाकलं.

विकत घ्यायच्या आधी फुकटचा डेमो उतरवून बघा, त्यात रियू आणि ल्यूक खेळता येतात. तेवढ्यात आपला कॉम्प्युटर गेम ओढतो का तेही कळेल, आणि तीन बटणं एकदम दाबून कीबोर्डची परीक्षाही होईल.

परवा रात्री अमिरातीचाच एक केन समोर आला, माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर. पहिल्या फेरीत तो तीन वेळा उडाला आणि तिन्ही वेळा रियूच्या शोर्युकेनवर येऊन पडला. मी त्याच्याकडे बघत होते, माझ्या रियूकडे नाही, आणि शोर्युकेन निघाला हे मला आवाजावरून कळलं. चौथ्यांदा तो गुडघ्यात वाकला तेव्हा माझं बोट तयार होतं, पण तो उडालाच नाही. तसाच सरळ चालत आला, मला धरलं आणि कोपऱ्यात फेकलं. परत उठले, परत धरून फेकलं. सामना तोच जिंकला. पुतळ्याचं पाचवं रेकॉर्डिंग कालच केलंय, चालत येऊन धरण्याचं. पहिल्या दिवशी २० पैकी ३ वेळा पकडीतून सुटले.